आधी बघायचं की आधी रागवायचं? (सोलापूरच्या एका क्लिपवरून)

तासिका

नमस्कार मंडळी. दहा दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसले.

सोलापूरकरांच्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर ती क्लिप येऊन गेली असेल. एका वेबमालिकेतली आहे. मालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिच्याच भोवती फिरेल. चाळीस सेकंदांचा प्रसंग. पूर्व भागातलं घर, उंबऱ्याशी विड्या वळत बसलेली बाई, समोर ठेकेदार. ती तेलुगू वळणाचं मराठी बोलते, तो तिची नक्कल करतो, आजूबाजूचे खिदळतात. तिथे क्लिप तुटते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सोलापूरकरांनो, हे सहन करणार?'

दोन दिवसांत तीन तट पडले. एक म्हणे, हा पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाचा अपमान. दुसरा म्हणे, मराठी मालिकेत शुद्ध मराठी बोलणारी बाई मिळाली नाही का? तिसरा म्हणे, जातीपातीचा चष्मा लावून बघणाऱ्यांनी करमणुकीचा सत्यानाश केला. या तिघांत मालिका पाहिलेलं एक माणूस मला भेटलं नाही. मी आठही भाग पाहिले होते. म्हणून एका ग्रुपवर लिहिलं, की प्रसंग टोचणारा आहे, पण तो तिथे संपत नाही, आधी पूर्ण बघा. झालं. एकीकडून 'समाजद्रोही', दुसरीकडून 'पुरोगामी बाई'. कुणीतरी माझ्या कॉलेजचं नाव टाकून 'अशा शिक्षिका मुलांना काय शिकवणार' असंही विचारलं. दुसऱ्या दिवशी अकरावीतल्या एका मुलीनं तास सुटल्यावर हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" मला तिला नीट उत्तर देता आलं नाही, याचं वाईट वाटतंय.

तर तुम्हाला विचारते. आपल्या माणसांचं चित्रण पडद्यावर चुकलं, तर रागवायची रीत काय असावी? आणि जात, भाषा, गाव यांच्या अंगानं सिनेमाकडे बघणं म्हणजे सिनेमा बिघडवणं, असं तुम्हालाही वाटतं का?

कडक_भाकरी

मॅडम, क्लिप मलाही आली होती. मी न बघता पुढे पाठवली. खरं सांगतो.

भुईकोट

ताई, हे नवं नाही. पार्क चौकातले आपले चार हुतात्मे आठवा. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. नुसती आडनावं वाचली तरी हे गाव कसल्या कसल्या माणसांचं आहे ते कळतं. इथलं मराठी कानडी, तेलुगू आणि दखनीच्या शेजारात वाढलंय. मी गिरणीत असताना एका खात्यात आम्ही चार भाषांत भांडायचो आणि डबा एकत्र खायचो. असल्या गावावर कुणी मालिका काढली, की कुणाचा ना कुणाचा उच्चार त्यात येणारच. तो आला म्हणून रागवायचं, की कसा आला ते बघायचं, एवढाच प्रश्न आहे.

करमाळा_एसटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण तो माझ्या घरचा विषय आहे.

आमच्या भागाची बोली मराठी सिनेमात पूर्वी कुणाच्या तोंडी असायची? गड्याच्या, नाहीतर हसवायला आणलेल्या पात्राच्या. नायक-नायिका बोलणार पुस्तकातलं. एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला. दिग्दर्शक आमच्या जेऊरचे, नायिका अकलूजची, आणि प्रेमाचे संवाद आमच्याच बोलीत. माझी आई पडद्याकडे बघून म्हणाली, "ही तर आपल्यासारखीच बोलती की." तिला तोवर वाटायचं की सिनेमात आपल्यासारखं बोलायचंच नसतं. या आनंदाला तुम्ही अस्मितेचं राजकारण म्हणणार असाल तर म्हणा बापडे.

दोन वर्षांनी हिंदीत त्याचा नवा अवतार आला. गोष्ट उदयपूरला गेली आणि मूळ गोष्टीचा कणा असलेली जात तिथे पुसट झाली. त्यावर टीका झाली. ती टीका करणाऱ्यांनी कुठे काचा फोडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की शेवटच्या हत्येचं कारणच काढून टाकलंत, मग शेवट उभा कशावर राहणार? ही सिनेमाच्या रचनेवरची टीका आहे, आणि जात ओळखल्याशिवाय ती करताच येत नाही.

तेव्हा मॅडम, चष्मा नको म्हणणाऱ्यांना सांगा, की इथे चष्मा काढला तर सिनेमाच दिसत नाही.

कन्ना_चौक

करमाळा, +१. पण सगळेच असं शांतपणे वाचत नाहीत ना. आमच्या ग्रुपवर त्या क्लिपमधल्या नटीचं प्रोफाइल शोधून तिला शिव्या घालण्याचं काम चाललं होतं. तिनं संवाद लिहिले होते का?

आकडेमोड

मी मूळचा साखर पेठेतला, सध्या पुण्यात आहे. माझं काम विदेचं (डेटाचं), म्हणून यंत्रणेबद्दल लिहितो.

अमेरिकेत २०१७ मध्ये संशोधकांनी पाच लाखांहून जास्त ट्विटं तपासली. विषय तिथले वादाचे, बंदुका, समलिंगी विवाह, हवामानबदल. नीती आणि भावना एकत्र असलेला एकेक शब्द वाढला, की ट्विट पुढे जाण्याचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी वाढत होतं. आपल्याकडे 'अपमान', 'गद्दार', 'लाज' हे त्याच जातीचे शब्द. आणि ही ट्विटं पसरत होती ती मुख्यतः आपल्याच मताच्या लोकांत. म्हणजे समोरच्यापर्यंत पोचतच नव्हती, आपलेच आपल्याला तापवत होते.

दुसरी गोष्ट फेसबुकची. २०१७ पासून त्यांच्या गणितात रागाच्या इमोजीला साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन होतं. हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्याच कागदपत्रांवरून कळलं. पुढे ते वजन कमी करत शून्यावर आणलं, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

त्यामुळे 'सोलापूरकरांनो, हे सहन करणार?' हे वाक्य लिहिणाऱ्याला अभ्यास माहीत असो वा नसो, काय चालतं ते त्याला बरोबर कळलेलं आहे.

पंढरीचा

आकडेमोड साहेब, यंत्रणेवर सगळं ढकलू नका. आमच्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. मकबूल फिदा हुसेन. त्यांची सरस्वती सत्तरच्या दशकातली. १९९६ मध्ये एका हिंदी मासिकानं ती भडक मथळ्यासह छापली, तोवर वीसेक वर्षं कुणाला त्रास नव्हता. त्यानंतर गावोगावी खटले, प्रदर्शनांवर हल्ले. २००६ मध्ये ते देशाबाहेर गेले. २००८ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्यावरचे काही खटले रद्द केले, तरी परतणं झालं नाही. २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि २०११ च्या जूनमध्ये लंडनमध्ये वारले.

१९९६ मध्ये कुठलं फेसबुक होतं? चित्र तेच होतं. बदलला तो दाखवणारा आणि वरचा मथळा. मला आजही चंद्रभागेच्या वाळवंटावर उभं राहिलं की वाटतं, या गावचं पोर असं परक्या देशात मातीत जायला नको होतं.

भुईकोट

पंढरीचा, अगदी मनातलं बोललात.

निळी_पाटी

सगळे प्रतिसाद वाचले. आता जरा कडू लिहितो, राग मानू नका.

'आधी पूर्ण बघा, मग बोला' हा सल्ला नेहमी कुणाला मिळतो? ज्यांना चटका बसलाय त्यांनाच. २०२५ मध्ये 'फुले' चित्रपट ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीला येणार होता. ट्रेलर बघूनच काही संघटनांनी आक्षेप घेतला. सेन्सॉर मंडळानं जातींची नावं असलेल्या जागा बदलायला सांगितल्या. चित्रपट आला २५ एप्रिलला. जयंती हुकली. तेव्हा त्या आक्षेपवाल्यांना 'आधी पूर्ण बघा' असं कुणी किती जोरात सांगितलं? दोनशे वर्षांपूर्वी माणसाला ज्या नावानं हिणवलं, ते नाव पडद्यावर उच्चारायचं नाही, आणि उच्चारलं तर भावना दुखावतात. कुणाच्या?

आमच्याकडे राग ही हौस नाही. माझ्या वडिलांच्या पिढीनं रस्त्यावर येऊन आरडाओरडा केला म्हणून पाठ्यपुस्तकं बदलली, पाट्या बदलल्या. गोड बोलून किती बदललं असतं, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

आणि मॅडम, तुमच्या मूळ पोस्टमधला एक मुद्दा मला खटकला. तुम्ही म्हणता, तिन्ही तटांत मालिका पाहिलेलं कोणी नव्हतं. ती बघायला महिन्याचे पैसे भरावे लागतात, घरी मोठा टीव्ही नाहीतर बरा फोन लागतो, आणि आठ भागांचे सहा-सात तास लागतात. जी बाई दिवसभर विड्या वळते तिच्याकडे यातलं काय आहे? तिच्यापर्यंत पोचली ती फुकटात आलेली चाळीस सेकंदं. तिच्यासाठी मालिका तेवढीच आहे. तिनं तेवढ्यावर रागवू नये?

तासिका

निळी_पाटी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी घरी सदस्यत्व असलेली बाई, 'आठही भाग बघा' असं सहज म्हणून गेले. चूक झाली.

लेझीमवेडा

पण दादा, राग कुठे थांबायचा त्याला हद्द आहे का?

'छावा'चं घ्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलर आला. महाराज लेझीम खेळताना दिसले आणि गदारोळ झाला. आठवडाभरात दिग्दर्शकांनी तो प्रसंग काढल्याचं जाहीर केलं, चित्रपट १४ फेब्रुवारीला आला. मी शाळेत असल्यापासून गणपतीत लेझीम खेळतोय. सोलापूरच्या मंडळांची लेझीम बघायला बाहेरगावची माणसं येतात. एका ठेक्यात दोनशे पोरं खाली वाकून वर येतात तेव्हा अंगावर काटा येतो. ती मर्दानी कसरत आहे, देवापुढे खेळतात, राजापुढे खेळतात. ती 'नाच' म्हणून हलकी कधीपासून झाली? आक्षेप घेणाऱ्यांचं महाराजांवर प्रेम आहे, माझंही आहे. पण कुणी मला विचारलं नाही, की बाबा, तू खेळतोस, तुला ते कसं वाटलं. प्रसंग कथेत कुठे बसला होता ते आता कुणालाच कळणार नाही.

धोटा

लेझीमवेडा, मी तुमच्या विरुद्ध बाजूला होतो. ट्रेलर ही निर्मात्यांनी स्वतः निवडून दाखवलेली गोष्ट. कुणी कापून पसरवलेली क्लिप आणि निर्मात्यानं लाखोंना दाखवलेला ट्रेलर यांत फरक आहे. ट्रेलरवर मत देणं गैर नाही. प्रसंग काढायचा की ठेवायचा, हे मात्र चित्रपट आल्यावर ठरायला हवं होतं. एवढं मी तुमचं मान्य करतो.

अवांतर: त्याच वेबमालिकेच्या तिसऱ्या भागात चादरीचा कारखाना दाखवलाय. आवाज येतो हातमागाचा खटखट, आणि समोर दिसतो नक्षी विणणारं जेकार्ड लावलेला यंत्रमाग. माझं आयुष्य मागावर गेलं. आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा कुठल्या मागावर कसा पळतो, हे मला झोपेतही आवाजावरून कळतं. २००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि यांना आमच्या कारखान्यात जाऊन पाच मिनिटांचा आवाज ध्वनिमुद्रित करता आला नाही. याबद्दल कुणी रागावलं नाही. मी एकटाच रागावलोय.

कडक_भाकरी

धोटा अण्णा, मीही रागावलो. त्याच भागात कडक भाकरी रश्श्यात न चुरता चपातीसारखी घडी घालून खाल्लीये. कडक भाकरीची घडी होते का हो?

धोटा

होत नाही. तुकडेच पडतात.

कॅमेरामागे

मी मुंबईत अशाच मालिकांच्या कलाविभागात काम केलंय, या मालिकेत नाही. आतून कसं चालतं ते सांगतो.

'सोलापूरचं घर' असं संहितेत एका ओळीत लिहिलेलं असतं. आम्हाला तयारीला चार दिवस मिळतात. कुणीतरी नेटवर फोटो शोधतो, सामान भाड्यानं येतं. बोलीसाठी माणूस ठेवायला पैसे मागितले की 'नटी ऐकून करेल' असं उत्तर मिळतं. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण सेटवर त्या गावचं, त्या धंद्यातलं एकही माणूस नसतं, त्यामुळे चुकलेलं कुणाला दिसत नाही.

बाहेर गदारोळ झाला की आतला परिणाम काय होतो? वरचे लोक म्हणतात, पुढच्या वेळी गावाचं नावच नको, जात नको, बोली नको. पात्र 'कुठलंही' करून टाका. मी हे बैठकीत माझ्या कानांनी ऐकलंय. तुम्ही रागावता ते 'आम्हाला नीट दाखवा' म्हणून, आणि ते शिकतात 'यांना दाखवूच नका'.

निळी_पाटी

कॅमेरामागे, हे वाचून वाईट वाटलं. पण मग उपाय गप्प बसणं नव्हे ना. सेटवर आमचं माणूस ठेवा, ही मागणी आहे.

कॅमेरामागे

बरोबर. आणि ती मागणी चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये बसत नाही, म्हणून आमच्यापर्यंत पोचत नाही.

आकडेमोड

बाहेर यावर थोडे प्रयोग झालेत. सिनेमांच्या गुणांकनाचं एक मोठं अमेरिकी संकेतस्थळ आहे, रॉटन टोमॅटोज. चित्रपट यायच्या आधीच, मुख्य भूमिकेत बाई आहे म्हणून, तिथे वाईट शेरे पडायला लागले. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी प्रदर्शनाआधीचे प्रेक्षकांचे शेरे बंद केले, आणि त्याच वर्षी तिकीट काढल्याची खात्री झालेल्यांचं मत वेगळं दाखवायला सुरुवात केली. राग गेला नाही, पण कुणी पाहिलंय आणि कुणी नाही हे तरी कळायला लागलं.

आणि कन्ना_चौक यांनी नटीचं लिहिलंय ते तिकडेही झालं. स्टार वॉर्स मालिकेतली केली मेरी ट्रान ही व्हिएतनामी वंशाची अभिनेत्री. शिवीगाळीनंतर २०१८ मध्ये तिनं इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं.

रीलवाला_सात_रस्ता

तीन दिवस हा धागा वाचतोय. खातं आज उघडलं.

ती क्लिप मी कापली होती.

मालिका मी पाहिली होती, दुसऱ्या भागापर्यंत. माझं पेज आहे, सोलापूरच्या गमतीजमतींचं. नऊशे लोक होते. प्रसंग बघून मला खरोखर राग आला होता, कारण माझी मावशी विड्या वळते. पण कापताना मी शेवटचे आठ-दहा सेकंद सोडले. त्यात ती बाई हातातलं सूप खाली ठेवते, ठेकेदाराला तेलुगूत सुनावते आणि हिशेबाचे पैसे मोजून घेते. ते ठेवलं असतं तर रील चाललं नसतं, हे मला कापतानाच माहीत होतं. आठवड्यात अकरा हजार लोक झाले. एका दुकानदारानं जाहिरातीसाठी फोन केला.

त्या नटीला लोक काय लिहितात ते मी वाचत होतो. थांबा म्हणायला पाहिजे होतं, नाही म्हटलं. मॅडम, तुमच्या कॉलेजचं नाव माझ्याच पोस्टखाली कुणीतरी टाकलं. तीही कमेंट मी उडवली नाही. माफी मागतो.

काल रात्री पूर्ण प्रसंग टाकला, 'आधी अर्धा दाखवला होता, चूक झाली' असं लिहून. सकाळपर्यंत चारशे जणांनी पाहिला. पहिला दीड लाखांनी पाहिला होता.

कन्ना_चौक

मालक, लिहिलंत हे मोठं काम केलंत. पहिली क्लिप अजून आहे का पेजवर?

रीलवाला_सात_रस्ता

काढली. पण ग्रुपांवर फिरतेच आहे. ती आता माझ्या हातात नाही.

तासिका

कळवल्याबद्दल आभार. तुमच्या मावशीनं ती क्लिप पाहिली का?

रीलवाला_सात_रस्ता

पाहिली. काही बोलली नाही. फोन परत दिला आणि कामाला लागली.

अम्माची_लेक

मी आजवर इथे फक्त वाचत आले. सोलापूरशेजारच्या कुंभारीच्या घरकुल वसाहतीत राहते. माझी अम्मा चाळीस वर्षं विड्या वळते. निळी_पाटी दादांनी जे लिहिलं ते आमच्या घरचं आहे, म्हणून परवा अम्माला ती क्लिप मीच दाखवली आणि राग आला का विचारलं.

तिनं फोन डोळ्यांजवळ धरला. म्हणाली, परत लाव. परत लावलं. मग म्हणाली, "पान वाळलेलं आहे."

मला कळेना. तिनं समजावलं. पान आदल्या दिवशी भिजवायचं, पाणी निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, मग मऊ राहतं. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखूची चिमूट पसरायची, कोपऱ्यातून वळायचं, दोरा बांधून तोंड मुडपायचं. वाळकं पान वळायला घेतलं की शिरेपाशी फुटतं. त्या बाईच्या हातातलं पान कडकडीत होतं आणि तरी विडी वळली जात होती. अम्मा म्हणाली, "हिला कुणी शिकवलंच नाही. एक दिवस आमच्याकडे बसवायची होती. हजार विड्यांवर मजुरी मिळते, फुटकी कारखान्यात घेत नाहीत."

उच्चाराबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मी तशीच बोलते. त्यात काय?" थोड्या वेळानं मात्र म्हणाली, "तो हसला ते नाही आवडलं. आमच्याकडे पण एक असाच होता."

पुढचं काय आहे ते तिला बघायचंय. आमच्याकडे ते ॲप नाही.

तासिका

अम्माची_लेक, आमच्याकडे आहे. रविवारी दुपारी याल का? अम्मांना आणि शेजारणींना घेऊन या. आणायची सोय मी करते. रीलवाला, तुमच्या मावशींनाही आणा. आणि निळी_पाटी, तुम्हीही या, वाद घालायला कुणीतरी हवं.

निळी_पाटी

येतो. वाद नक्की घालतो.

धोटा

मी प्रोजेक्टर आणतो, मंडळाचा आहे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी माझ्याकडून. चुरूनच खायची.

तासिका (दोन आठवड्यांनंतर)

धागा वर आणते, कारण बऱ्याच जणांनी विचारलं.

दोन रविवारी मिळून आठही भाग झाले. पहिल्या रविवारी चौदा जण, दुसऱ्या रविवारी बावीस. नऊ बायका विडी कामगार. चौघी-पाचजणी हातातलं काम घेऊनच आल्या होत्या. मांडीवर सूप, नजर पडद्यावर, हात चालूच.

ठेकेदार नक्कल करतो तिथे कुणी हसलं नाही. ती पैसे मोजून घेते तिथे मागून एकीनं जोरात तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मला अर्थ सांगितला नाही. मागाच्या आवाजाला धोटा अण्णांनी उठून निषेध नोंदवला, कडक भाकरीच्या प्रसंगाला सगळ्यांनीच. सहाव्या भागात तिचा मुलगा सोलापूर सोडतो तेव्हा दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचीही मुलं पुण्याला आहेत.

आणि मग शेवटी, सगळं संपल्यावर, अम्मांनी विचारलं, "पेरेमि?" नाव काय? मला वाटलं नटीचं विचारतायत. त्या म्हणाल्या, नाही, त्या बाईचं. मी आठवायला लागले. रीलवाल्यानं तिथेच फोनवर सगळे भाग पुढे-मागे करून बघितले. आठ भागांत तिला कुणीच नावानं हाक मारत नाही. ठेकेदार 'ए विडीवाली' म्हणतो, मुलगा 'अम्मा' म्हणतो, शेजारीण 'अगं' म्हणते. श्रेयनामावलीतही 'विडीवाली बाई' एवढंच आहे. ठेकेदाराला नाव आहे, त्याच्या ड्रायव्हरलाही आहे.

मी ही मालिका आधी पूर्ण पाहिली होती. 'पूर्ण बघा' म्हणून लोकांशी भांडले होते. मला हे दिसलं नव्हतं. त्या अकरावीतल्या मुलीला मी काल बोलावून घेतलं आणि हे सगळं सांगितलं. ती पुढच्या वेळी येणार आहे.

आम्ही निर्मात्यांना पत्र लिहिलंय. निळी_पाटींनी मसुदा केला, मी शुद्धलेखन पाहिलं, नऊ बायकांच्या सह्या आहेत, त्यांतले तीन अंगठे. त्यात पानाचं लिहिलंय, मागाच्या आवाजाचं लिहिलंय, आणि नावाचं लिहिलंय. बंदी, माफी असलं काही मागितलेलं नाही. पुढच्या भागांचं चित्रीकरण करताना इकडची दोन माणसं कामाला घ्या, रोजगार देऊन, असं मागितलंय. अजून उत्तर नाही.

निळी_पाटी

मसुद्यात 'तीव्र निषेध' मी लिहिला होता. अम्मांनी काढायला लावला. म्हणाल्या, "निषेध लिहिला की वाचत नाहीत, पानाचं आधी लिही." पत्रापुरतं ऐकलं. बाकी माझं मत कायम आहे. रस्त्यावर यायची वेळ आली तर मी येणार.

कॅमेरामागे

पत्राची एक प्रत मला पाठवाल? माझ्या नव्या कामात पूर्व भागातलं एक घर आहे. पुढच्या महिन्यात तयारी सुरू होतेय. पान भिजवायला अम्मा येतील का, त्यांना विचारा. दिवसाचे पैसे काय घेतील तेही विचारा.

अम्माची_लेक

विचारलं. येईन म्हणाली, पण सूप आणि कात्री स्वतःची आणणार. पैसे किती ते शेजारणींना विचारून सांगते म्हणाली.

आणि तासिका ताई, तिनं विचारलंय, पुढचा सिनेमा कधी? या वेळी चहात साखर जरा जास्त घाला.